माल्कम सेयर : आकड्यांतून घडलेल्या मोटारी

मोटारीचे रूप डोळ्यांनी ठरते, अशी इंग्लंडमधील मोटार कारखान्यांची विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ठाम समजूत होती. जग्वार कंपनीचे संस्थापक सर विल्यम लायन्स हे तर या समजुतीचे मूर्तिमंत उदाहरण. ते कागदावर आरेखन करण्याच्या फंदात पडत नसत. फ्रेड गार्डनर नावाच्या कुशल कारागिराकडून ते लाकूड आणि पत्र्याची पूर्णाकृती प्रतिकृती करून घेत, तिच्याभोवती सावकाश फिरत, कुठे चढ हवा आणि कुठे उतार ते सांगत. मनासारखे होईपर्यंत पत्रा पुन्हा पुन्हा ठोकला जाई. प्रतिकृती वापनबरी हॉल या आपल्या निवासस्थानी नेऊन तिच्यावर दिवसाचा उजेड कसा खेळतो हे पाहण्याचीही त्यांची रीत होती. या पद्धतीतून काही अतिशय देखण्या मोटारी निर्माण झाल्या, हे निर्विवाद.

त्याच कंपनीच्या कॉव्हेंट्री येथील कारखान्यात १९५१ पासून एक वेगळ्याच प्रकृतीचा माणूस काम करीत होता. त्याच्या टेबलावर स्लाइड रूल आणि लॉगॅरिथमची सात अंकी कोष्टके असत. तो जे कागद पुढे पाठवी, त्यांवर आकड्यांच्या रांगाच रांगा असत. मोटारीच्या पृष्ठभागावरील प्रत्येक बिंदूचे तीन आकडे : लांबीतील अंतर, मध्यरेषेपासूनचे अंतर आणि उंची. ते आकडे जोडत गेले की मोटार उमटे. हे माल्कम सेयर. जग्वारची ‘ई-टाइप’ त्यांची, हे मोटारप्रेमींना ठाऊक असते. परंतु सेयर यांच्या कामाचा मोठा आणि कदाचित अधिक धाडसी भाग विक्रीपर्यंत कधी आलाच नाही. त्यांतील काही गाड्या तोडून भंगारात गेल्या, काही ताडपत्रीखाली राहिल्या, काही कागदावरच संपल्या. त्या कोणत्या आणि त्यांत सेयर यांचा हात किती, हे शोधणे हा आता जुन्या ब्रिटिश मोटारींच्या अभ्यासकांचा एक स्वतंत्र उद्योग झाला आहे.

सेयर यांचा जन्म २१ मे १९१६ रोजी नॉरफोक परगण्यातील क्रोमर या समुद्रकाठच्या गावी झाला. वडील ग्रेट यार्मथ ग्रामर स्कूलमध्ये गणित आणि चित्रकला असे दोन्ही विषय शिकवीत. मुलगा त्याच शाळेत शिकला. पुढील आयुष्याकडे पाहता वडिलांच्या विषयांची ही जोडी निव्वळ योगायोग मानणे कठीण जाते. सतराव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून ते लफबरो कॉलेजात गेले आणि तेथून विमान व मोटार अभियांत्रिकीची पदवी प्रथम श्रेणीत घेऊन बाहेर पडले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते ब्रिस्टल एरोप्लेन कंपनीत होते. हवा धातूच्या पृष्ठभागावरून कशी सरकते, कुठे चिकटते, कुठे सुटते आणि सुटली की काय गोंधळ घालते, याचे शिक्षण त्यांना तेथे मिळाले. विमानात हा गोंधळ जिवावर बेततो. त्यामुळे तेथे अंदाजाला जागा नसते. सेयर यांनी ही सवय पुढे मोटारीत आणली.

युद्धानंतर १९४८ मध्ये ते इराकला गेले. बगदादमध्ये अभियांत्रिकीची विद्याशाखा उभारण्याचे काम त्यांच्याकडे होते. प्रत्यक्षात ती बव्हंशी कागदावरच असल्याने त्यांना सरकारी वाहनांची देखभाल पाहावी लागली, असे सांगतात. याच मुक्कामात एका जर्मन प्राध्यापकाने त्यांना वक्ररेषांच्या गणिताचे मर्म उलगडून दाखविले, अशीही एक कथा आहे. वाळवंट, परदेशी गुरू आणि गूढ विद्या हे सगळे साहित्य दंतकथेला इतके सोयीचे आहे, की ती थोडी हात राखूनच स्वीकारावी. एवढे मात्र खरे, की १९५० मध्ये ते मायदेशी परतले तेव्हा त्यांची पद्धत जवळपास तयार होती.

ती पद्धत कल्पनेत सोपी आणि करण्यास जिकिरीची होती. मोटारीचे ठराविक अंतरावर आडवे छेद घेतले, तर प्रत्येक छेदाची कडा एका वक्राचा तुकडा असते. तो वक्र लंबवर्तुळाच्या कुळातील मानून त्याचे समीकरण बसविले, की त्यावरील कोणत्याही बिंदूचे स्थान गणिताने काढता येते. एका छेदातून दुसऱ्या छेदाकडे जाताना समीकरणातील आकडे हळूहळू बदलत न्यायचे. म्हणजे पृष्ठभाग कुठेही मोडत नाही. आज हे काम संगणक क्षणात करतो. सेयर ते हाताने, आकडा आकडा मांडून करीत. त्यांच्या मोटारी ओळखण्याची एक साधी खूण यातूनच मिळते : त्यांत सरळ रेषा शोधू लागले तर ती सहसा सापडत नाही. पुढचे लंबगोल तोंड, फुगत जाणारे बोनेट, दाराखालून मागे सरकणारी कड, सारे काही कुठून तरी वळत आलेले आणि कुठे तरी वळत जाणारे असते.

जग्वारचे मुख्य अभियंता विल्यम हेन्स यांच्या हाताखाली सेयर यांनी हाती घेतलेले पहिले मोठे काम म्हणजे ‘सी-टाइप’ ही स्पर्धामोटार. फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत तिने १९५१ मध्ये पहिल्याच प्रयत्नात जिंकली. पुढच्याच वर्षी सेयर यांना अपयशाची चव चाखावी लागली. मर्सिडीजच्या नव्या मोटारी फार वेगवान असल्याची वार्ता चालक स्टर्लिंग मॉस यांनी इटलीतील शर्यतीवरून आणली आणि घाईघाईने सी-टाइपला नवे, खाली झुकलेले नाक व लांब शेपूट देण्यात आली. १९५२ च्या ल माँमध्ये जग्वारच्या तिन्ही मोटारी काही तासांतच तापून बंद पडल्या. पाण्याची टाकी आणि नळ्यांची बदललेली मांडणी हे मुख्य कारण होते. पण हा घाव नव्या आकारालाही लागला. १९५३ मध्ये जग्वार जुन्या आकाराकडे परतली, सोबत डिस्क ब्रेक आणले आणि ताशी सरासरी १०० मैलांची मर्यादा ओलांडून पुन्हा जिंकली.

याच सुमारास जग्वारमध्ये दोन अशा मोटारी तयार झाल्या, ज्यांचे छायाचित्र आज पाहणाऱ्याला कोड्यात टाकते. एक लायन्स यांनी आपल्या नेहमीच्या रीतीने, नजरेच्या भरवशावर घडविलेली. चाके पूर्ण झाकलेल्या या अजस्र आकृतीला कारखान्यात ‘ब्रॉन्टोसॉरस’ हे नाव पडले. ती कधी स्पर्धेत उतरली नाही. दुसरी सेयर यांची : सी-टाइप आणि तिच्या पुढच्या पिढीच्या मधली पायरी. चाचणी चालक नॉर्मन ड्युइस यांनी ऑक्टोबर १९५३ मध्ये बेल्जियममधील याबेके येथील सरळ रस्त्यावर ती ताशी १७८ मैल, म्हणजे सुमारे २८७ किलोमीटर वेगाने पळविली आणि पुढे ती मोडीत निघाली. दोन्ही मोटारी नष्ट झाल्या आहेत. तरीही शेजारी शेजारी ठेवलेल्या छायाचित्रांतून कोणती कोणाची, हे सांगायला कागदपत्रांची गरज पडत नाही. एकीत वाऱ्याविषयीची कल्पना आहे, दुसरीत वाऱ्याचा हिशेब.

त्या मधल्या पायरीवरून १९५४ ची ‘डी-टाइप’ आली. तिचा मधला भाग विमानाच्या धडासारखे एकसंध धातूचे कवच होता. इंधन शेपटीत, लवचीक पिशव्यांत साठविले जाई. बोनेट खाली आणता यावे म्हणून इंजिन किंचित कलते बसविले होते आणि त्याचे तेल वेगळ्या टाकीत नेले होते. चालकाच्या डोक्यामागे उभा पंख होता, तो शोभेसाठी नव्हे, तर ल माँच्या सरळ रस्त्यावर ताशी २७० किलोमीटरहून अधिक वेगात मोटार भरकटू नये म्हणून. डी-टाइपने १९५५, १९५६ आणि १९५७ अशी सलग तीन वर्षे ल माँ जिंकली. यांपैकी १९५५ च्या शर्यतीत एक मर्सिडीज प्रेक्षकांत घुसून ८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती; त्या विजयाचा आनंद कोणाला घेता आला नाही.

स्पर्धेतून कंपनी निवृत्त झाली तेव्हा उरलेल्या डी-टाइपना दिवे, दार आणि पुढची काच देऊन ‘एक्सकेएसएस’ नावाने रस्त्यासाठी विकण्याची योजना झाली. फेब्रुवारी १९५७ मध्ये कारखान्याला आग लागली, त्यात यांतील नऊ मोटारी जळाल्या आणि अवघ्या सोळा बाहेर पडल्या.

त्याच वर्षी सेयर यांच्या विभागात ‘ई१ए’ नावाची लहानशी ॲल्युमिनियमची मोटार तयार झाली होती. इंजिन २.४ लिटरचे, आकार पुढच्या ई-टाइपहून छोटा. कंपनीने ती मे १९५८ मध्ये ‘द मोटर’ या साप्ताहिकाचे संपादक ख्रिस्तोफर जेनिंग्ज यांना काही दिवस वापरायला दिली. वेल्समधील रस्त्यांवर ती चालवून ते थक्क झाले. ही गोष्ट अर्थातच तेव्हा छापली गेली नाही. काम संपल्यावर ई१ए तोडण्यात आली. जगातील सर्वांत प्रसिद्ध स्पोर्ट्स कारची ही जननी. तिचा एक पत्राही कोणी जपला नाही. कारखान्याच्या दृष्टीने ते फक्त वापरून झालेले अवजार होते. ‘ई२ए’चे नशीब थोडे बरे निघाले. पुढचा अर्धा भाग ई-टाइपचा आणि मागे डी-टाइपचा पंख, अशी ही मोटार १९६० मध्ये अमेरिकी संघमालक ब्रिग्ज कनिंगहॅम यांच्या चमूतून ल माँला धावली, मात्र शर्यत पूर्ण करू शकली नाही. तीही भंगाराच्या वाटेवर होती. ती वाचली आणि २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील लिलावात जवळपास ५० लाख डॉलरना विकली गेली.

मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ई-टाइप लोकांसमोर आली. ताशी १५० मैलांचा दावा आणि तशा वेगाच्या इटालियन मोटारींच्या निम्म्याहून कमी किंमत. पुढील १३ वर्षांत अशा ७२ हजारांहून अधिक मोटारी बनल्या. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९९६ मध्ये तिला आपल्या कायम संग्रहात स्थान दिले. सेयर स्वतःला शैलीकार म्हणवून घेत नसत; वायुगतिकीचा अभियंता एवढीच ओळख त्यांना मान्य होती. सौंदर्य हे त्यांच्या हिशेबाचे उद्दिष्ट नव्हते, असे यावरून समजायचे का? चित्रकला आणि संगीत या दोन्हींची आवड असलेल्या माणसाबाबत तसे मानणे जड जाते. शिवाय आजच्या मोजमापाने ई-टाइपचा हवेला होणारा अवरोध दिसतो तितका कमी नाही आणि मोठ्या वेगात तिचे नाक हलके पडते, हेही नंतर दिसून आले. केवळ वाऱ्यानेच आकार ठरविला असता, तर तो कदाचित वेगळा झाला असता. आकडे कुठे थांबवायचे, हे ठरविणारी एक नजर सेयर यांच्याकडेही होती. ती त्यांनी गणिताच्या आड ठेवली, इतकेच.

ई-टाइपची कमी अवरोधाची बंद छताची स्पर्धा आवृत्ती त्यांनी १९६२ मध्ये आखली. कारखान्यात ती एकच बनली. स्पर्धेसाठीच्या हलक्या ई-टाइपना १८ क्रमांक राखून ठेवले होते, प्रत्यक्षात १२ मोटारी झाल्या. रिकामे राहिलेले सहा क्रमांक कंपनीने २०१४ मध्ये, अर्धशतकानंतर, नव्याने मोटारी बनवून भरले. तोवर जग्वार मुंबईच्या टाटा मोटर्सच्या मालकीची होऊन सहा वर्षे झाली होती.

सेयर यांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाकांक्षी मोटार मात्र ‘एक्सजे१३’. एक्सजे म्हणजे प्रायोगिक जग्वार. ल माँला परतायचे, हा तिच्यामागील हेतू. तोपर्यंत स्पर्धामोटारीचे शास्त्र बदलले होते. इंजिन चालकाच्या पुढून मागे गेले होते. सेयर यांनी ५ लिटरचे, १२ सिलिंडरचे, सुमारे ५०० अश्वशक्तीचे इंजिन चालकाच्या पाठीशी ठेवले आणि त्यालाच मोटारीच्या सांगाड्याचा भार वाहणारा भाग केले. भोवती रिव्हेट केलेल्या ॲल्युमिनियमचे कवच. वरून पाहिले तर सेयर यांच्या सगळ्या सवयी एका जागी दिसतात : लंबगोल तोंड, चाकांवर फुगून मध्ये चिंचोळा होणारा देह, मागे काचेखाली मांडून ठेवल्यासारखे इंजिन. मोटार मार्च १९६६ मध्ये पूर्ण झाली.

आणि तशीच उभी राहिली. जग्वार त्या वर्षी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनमध्ये विलीन होत होती. लायन्स यांचे लक्ष नव्या ‘एक्सजे६’ सलूनकडे होते. त्या सलूनसाठी १२ सिलिंडरचे इंजिन घडत आहे, हे स्पर्धकांना कळू नये, अशीही चिंता होती. मोटार चालवायची नाही, असा हुकूम होता. १९६७ च्या वसंतातील एका रविवारी भल्या सकाळी ड्युइस यांनी ती गुपचूप नन्यीटनजवळच्या चाचणी मैदानावर नेली. लायन्स यांना कळले तेव्हा ते संतापले, आणि मग किती वेगाने धावली ते विचारू लागले, असे ड्युइस पुढे आयुष्यभर सांगत. त्यानंतर रीतसर चाचण्यांना परवानगी मिळाली. डेव्हिड हॉब्ज यांनी त्याच मैदानावर ताशी १६१ मैलांहून अधिक सरासरीने फेरी मारली. बंदिस्त मार्गावरील हा ब्रिटिश विक्रम १९९९ पर्यंत टिकला. शर्यतीत कधीही न उतरलेल्या मोटारीचा विक्रम!

उशीर मात्र झालाच होता. ल माँमध्ये तोपर्यंत सात लिटरच्या फोर्ड मोटारी जिंकत होत्या आणि १९६८ पासून नियम बदलले. प्रायोगिक मोटारींना तीन लिटरची मर्यादा आली. पाच लिटरची मोटार उतरवायची तर तशा पन्नास बनविणे आवश्यक झाले. जग्वारने एकच बनविली होती. एक्सजे१३ वर आवरण पडले. या निर्णयात कोणा एकाचा दोष काढता येत नाही. सलूनवर पैसा लावणे कंपनीसाठी शहाणपणाचे होते आणि एक्सजे६ ने ते सिद्धही केले. परंतु मोटार दोन वर्षे आधी तयार झाली असती, तर तिच्या वाट्याला निदान एक शर्यत आली असती. सेयर यांनी याविषयी तक्रार केल्याची नोंद नाही. ते पुढच्या कामाला लागले.

हे पुढचे काम म्हणजे ई-टाइपची वारसदार. ‘एक्सजे२१’ या क्रमांकाखाली तिचे आरेखन सुरू झाले आणि सोडून देण्यात आले. त्यातूनच एक्सजे सलूनच्या पायावर उभारायच्या, चौघांना कसेबसे सामावणाऱ्या मोटारीचा विचार पुढे आला. छताच्या मागच्या कडेपासून शेपटीपर्यंत उतरणारे दोन तिरपे पाख ही सेयर यांची कल्पना. मागची काच उभी ठेवूनही हवा नीट वाहावी, यासाठी ती होती. हे काम अर्ध्यावर असतानाच, २२ एप्रिल १९७० रोजी लेमिंग्टन स्पा येथे हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय ५३.

मोटार इतरांनी पूर्ण केली. सप्टेंबर १९७५ मध्ये ती ‘एक्सजे-एस’ नावाने बाजारात आली, तेव्हा ई-टाइपच्या चाहत्यांनी नाके मुरडली आणि ते दोन पाख टीकेचे मुख्य लक्ष्य झाले. स्पष्टीकरण द्यायला सेयर नव्हते. १९९६ पर्यंत एक लाख १५ हजारांहून अधिक एक्सजे-एस बनल्या, म्हणजे ई-टाइपपेक्षा कितीतरी जास्त. तरी सेयर यांच्या नावाशी कोणी तिला सहज जोडत नाही, आणि ते अगदीच अन्यायाचे नाही. त्या मोटारीत सरळ रेषा आहेत.

एक्सजे१३ ची कहाणी अजून उरली होती. २० जानेवारी १९७१ रोजी १२ सिलिंडरच्या नव्या ई-टाइपच्या जाहिरातपटासाठी ती पुन्हा त्याच मैदानावर आणली गेली. ड्युइसच चालवीत होते. चित्रण जवळपास संपले असताना मोठ्या वेगात एक चाक निकामी झाले, मोटार उलटीपालटी होत शेतात जाऊन पडली. ड्युइस पुढच्या फळीखाली वाकले आणि बचावले. सेयर यांच्या मृत्यूला तेव्हा नऊ महिने झाले होते.

अवशेष काही काळ कारखान्यात पडून होते. मग कोणाच्या तरी मनाने घेतले आणि कॉव्हेंट्रीच्या ॲबी पॅनल्स या पत्राकाम करणाऱ्या कंपनीने जुने साचे वापरून ती पुन्हा उभी केली. १९७३ मध्ये सिल्व्हरस्टोनच्या धावपट्टीवर प्रेक्षकांनी तिला प्रथमच पाहिले. आजही तीच मोटार जग्वारच्या वारसा संग्रहात आहे. छायाचित्रांत, खेळण्यांत, पुस्तकांत तिचेच रूप फिरते. मात्र चाकांवरच्या कमानी आता पूर्वीसारख्या नाहीत; त्यांच्या कडा बाहेर ओढलेल्या आहेत. मूळ वक्र पाहायचा असेल, तर अपघातापूर्वीची छायाचित्रे शोधावी लागतात. त्यांत मागच्या चाकावरून जाणारी रेषा कुठेही न अडखळता शेपटीपर्यंत उतरत गेलेली दिसते.